तळाला हात लावून आलेले तात्या

आमचे शेजारी तात्या सबनीस अंघोळ करताना एका हाताने भिंतीतली खुंटी धरत. मोरी टीचभर, बादलीत पाणी बेताचं, आणि घसरलेच तर थेट स्वयंपाकघरात पडणार. तरी खुंटी सुटत नसे. साबण एकाच हाताने लागत असल्यामुळे त्यांची डावी बाजू उजवीपेक्षा मळकट आहे, असा भिंगारच्या आमच्या आळीत पक्का समज होता.

तात्या लष्कराच्या स्टोअरात कारकून होते. सारी हयात सामान मोजण्यात गेली, आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही खोड पेन्शनीत निघाल्यावरही गेली नाही. "अंदाजपंचे नको!" हे त्यांचं पालुपद. जिना उतरताना पहिली पायरी काठीने ठोकून बघत, जणू रात्रीतून ती कुणी काढून नेली असावी. कुणी "उद्या येतो" म्हणालं, तर किती वाजता, कुठल्या वाटेने आणि न आल्यास निरोप कोण देणार, एवढं विचारूनच त्याला सोडत.

पण पाण्याच्या बाबतीत मोजमापही चालत नसे. रस्त्याच्या कडेला विहीर दिसली की तात्या दुसरी कड धरत. लोक कारणं शोधत. लहानपणी डोळ्यांदेखत कुणी बुडालं असेल, पत्रिकेत जलघात असेल. पत्रिका मी पाहिली आहे. तिच्यात साडेसाती तेवढी होती, आणि ती सरकारी नोकरीत कुणाला चुकलेली नाही. खरं कारण काहीच नव्हतं. माणूस पाण्याला भ्यायचा, बस्स.

आता यात दुसऱ्याचं काय गेलं? गेलं ते शकूचं. शकू त्यांची एकुलती लेक. तिला दिली नेवाशापलीकडे, प्रवरेच्या पैलतीरावरच्या गावात. पूल नाही, नावेतून जायचं. लग्न भिंगारात झालं, तात्यांनी लेकीला मोटारीत बसवून दिलं आणि नंतर तिच्या घराचा उंबरठा कधी पाहिला नाही. पुढे तिची आई वारली. शकूच वर्षातून एकदा येई, बापाच्या डब्यात लोणचं भरून जाई.

सासरी मात्र तिने बापाची अब्रू झाकून ठेवली होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत सगळ्यांना ठाऊकच होती. "आमचे बाबा रीतीचे फार कडक. पाऊलसुद्धा टाकणार नाहीत," असं तिने सांगून ठेवलं. सासरचे लोक तात्यांचं नाव आदराने घेऊ लागले.

आणि बरीच वर्षं नवससायास झाल्यावर शकूला दिवस राहिले!

तात्या पेढ्याचा पुडा घेऊन माझ्याकडे आले, पण चेहरा मामलेदाराचं बोलावणं आल्यासारखा. माहेरी करायला बाई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं होतं. म्हणजे बारशाला बाळंतविडा घेऊन आजोबांनी जायलाच हवं. रीतीची सबब त्या पोराबरोबरच संपत होती.

"मी पोहायला शिकणार," तात्या म्हणाले.

"अहो, नावेत नुसतं बसायचंय तुम्हाला!"

"नाव उलटली तर?"

"नाही उलटत हो."

"लिहून देतोस?"

मी लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साठी उलटलेले तात्या दस्तगीरभाई बागवानाच्या मळ्यातल्या विहिरीवर हजर झाले. काचा मारलेला, डोक्यावर काळी टोपी आणि पाठीला तुपाचा रिकामा डबा. डब्याचं झाकण त्यांनी पाणी शिरू नये म्हणून झाळून घेतलं होतं, आणि तो आदल्या दिवशी हौदात दगडाखाली दाबून ठेवून तपासलाही होता. टोपी काढा म्हटलं तर म्हणाले, "सर्दी होते."

पहिल्या दिवशी अंगठा बुडाला. आठवड्याने घोटे. पेरू विकत घ्यायला आलेली गिऱ्हाइकं पेरू राहू देऊन काठावर बसू लागली.

"तात्या, पानी काय खातंय व्हय तुमाला? सोडा की ती पायरी!" दस्तगीरभाई खालून ओरडत.

"सोडतो. पण खाली किती आहे ते आधी सांग."

"लई हाय."

"लई म्हणजे किती? अंदाजपंचे नको!"

लोक हसत. तात्यांचे दात वाजत, ओठ निळे पडत, पण दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला आणि तात्या मळ्यात पोचायला एकच गाठ. मीही आधी गंमत बघायला जात होतो. पुढे पुढे मात्र हसू येईना. घरी अजूनही खुंटी धरून अंघोळ करणारा हा माणूस रोज आपल्या पायांनी विहिरीत उतरत होता.

डब्यासकट हातपाय मारता येऊ लागले तेव्हा दिवाळी झाली होती. मग एके सकाळी तात्यांनी डबा सोडून माझ्या हातात दिला, काठावर उभे राहिले, डोळे मिटले आणि कुणाला काही कळायच्या आत उडी टाकली!

धप्प आवाज झाला. टोपी वर आली, तात्या येईनात. दस्तगीरभाई उडी घेणार तोच पांढरं डोकं वर आलं. तोंडातून पाण्याची चूळ उडाली. उजवी मूठ आवळलेली. ती वर करून तात्यांनी आम्हाला दाखवली. मुठीत काळा गाळ होता.

"तळ आहे रे!" तात्या ओरडले. "हात लावून आलो!"

त्या दिवशी सगळ्या बघ्यांना दस्तगीरभाईंनी पेरू फुकट वाटले.

पौषात तार आली. मुलगा झाला. बारशाला मी तात्यांबरोबर निघालो. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालत, त्यामुळे नेवाशाला उतरेपर्यंत आम्ही दोघेही काळे झालो होतो. नदीकाठी तात्यांनी पिशवीतून तो डबा काढला.

"तात्या, तुम्हाला पोहता येतं आता!"

"विहिरीत येतं. नदीचं मला माहीत नाही."

डबा पाठीला बांधून, वरून शाल पांघरून ते नावेत बसले. डोळे घट्ट मिटलेले, मुठीत माझी बाही. मध्यावर नावाड्याने बांबू ठेवला आणि खुशाल पाण्यात उतरून नाव ढकलू लागला.

"डोळं उगडा की बाबा," तो म्हणाला. "कमरंएवढं बी पानी न्हाई हितं. पावसाळा सोडला तर बायाबी चालत जात्यात."

तात्यांनी डोळे उघडले. आयुष्यभर पायरी ठोकून बघणाऱ्या माणसाने ही नदी किती खोल आहे हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी नावेच्या कडेवरून हात खाली सोडला, पाणी चाचपलं. पैलतीर येईपर्यंत तो हात पाण्यातच होता.

शकूच्या दारात मोठं स्वागत झालं. विहीणबाई पुढे आल्या. "तुमच्यासारखे रीत पाळणारे आता राहिले नाहीत हो," त्या सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. तेवढ्यात शाल घसरली. "अगबाई, डबा! डिंकाचे लाडू वाटतं?"

दाराआडून शकू बापाकडे बघून मान हलवत होती. काही बोलू नका, म्हणत होती. हो म्हणून टाकलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. मी तर आतल्या आत "हो म्हणा, हो म्हणा" असं घोकत होतो.

"रिकामा आहे, विहीणबाई," तात्या म्हणाले. "बुडू नये म्हणून बांधलाय. रीतबीत काही नव्हती. मी पाण्याला भीत होतो. पोरीने इतकी वर्षं माझी लाज राखली."

शकू आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. लेकीच्या घरचं पहिलं पाणी. तात्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा रिकामा केला.

"अजून दे," तात्या म्हणाले. "खूप वर्षांचं राहिलंय."

शकू तांब्या भरायला आत गेली, ती बराच वेळ बाहेरच आली नाही.