जिन्यावरची थ्री फेज खुर्ची

"रविवारी आई खाली येऊन आपल्याबरोबर जेवेल, लिहून ठेव," फिटरने बायकोला छातीठोकपणे सांगितलं. बेकरीतली यंत्रं सांभाळण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. एक म्हातारी जिन्यावरून खाली आणायची म्हणजे त्याच्या लेखी डाव्या हाताचा मळ.

वडील गेल्यापासून आई वरच्या खोलीतून खाली उतरली नव्हती. गुडघे धरलेत म्हणायची. डॉक्टरांना गुडघ्यांत फारसं काही सापडत नव्हतं. शेवटी फिटरने बेकरीतल्या पीठ मळायच्या जुन्या यंत्राची मोटर मागून आणली, जिन्याच्या कडेने रूळ ठोकले आणि तारेच्या दोरीने ओढली जाणारी खुर्ची त्यांवर बसवली. खुर्ची वडिलांची होती. घरात तेवढीच दणकट.

"दुसरी नव्हती का हो?" बायको म्हणाली.

"का? हिला काय झालंय?"

"काही नाही. पण त्यांच्यानंतर कुणी बसत नाही तिच्यात."

अडचण वेगळीच होती. मोटर थ्री फेजची आणि घरात वीज सिंगल फेज. म्हणजे तिघांनी ओढायची गाडी एकट्याच्या गळ्यात. पण फिटर म्हणाला, मध्ये कपॅसिटर घातला की तीच एक फेज दुसरीचंही सोंग घेते, मोटरला पत्ता लागत नाही.

रविवारी सकाळी त्याने आईऐवजी पिठाचं पोतं खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. मोटर हलली नाही. नुसती घुमायला लागली. घरातले दिवे तांबूस झाले आणि तो घुमणारा आवाज भिंतींतून, कठड्यातून, पायाखालच्या फरशीतून यायला लागला.

"कोण आहे रे खाली?" वरून आईने विचारलं.

"मी आहे, आई. मोटर लावतोय."

"मोटर होय? मला वाटलं, हे आले. डोळा लागायच्या आधी असेच घुमायचे."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने उगाचच एक स्क्रू पिळला. तेवढ्यात सगळ्या गल्लीतले लाइट गेले आणि आवाज बंद पडला.

"कपॅसिटर लहान पडतोय. एवढा भार ओढत नाही ती. मोठा घेऊन येतो," म्हणत फिटर सायकलवर टांग मारून बेकरीकडे गेला. बटण तसंच चालू राहिलं. लाइटच नव्हते, त्यामुळे त्याच्या ते डोक्यातच आलं नाही.

बायकोने पोतं फरफटत स्वयंपाकघरात नेलं आणि ती भाजी चिरायला बसली. बाहेर आभाळ भरून आलं होतं. घरात विळीचा तेवढा आवाज. आणि मग ते घुमणं पुन्हा सुरू झालं.

"अहो, आलात का?"

ती उठून जिन्यापाशी आली. तांबूस उजेडात खुर्ची वर चालली होती. रिकामी. पायरीपायरीला करकरत, मध्येच दम घेत, दमेकरी माणूस चढतो तशी. खुर्ची सासूबाईंच्या दारासमोर गेली आणि थांबली. घुमणं चालूच होतं.

दाराची कडी वाजली.

"आलात?" सासूबाईंचा आवाज. "सांगून तरी यायचं... नको, तुम्ही बसा, उठू नका. अहो, तुमच्या मांडीवर बसून खाली येऊ? खाली सून उभी आहे. काही वयाचं भान?"

आणि सासूबाई खुर्चीला वळसा घालून, कठडा धरून, एकेक पायरी उतरत खाली आल्या. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ते येतील सावकाश. मला वाढ, भूक लागलीय."

सुनेने आधी जाऊन बटण बंद केलं.

फिटर मोठा कपॅसिटर घेऊन परतला तर आई ताटावर बसलेली. सगळं ऐकून तो मनमोकळं हसला. "अगं, साधं शास्त्र आहे! पोतं काढलंस, भार गेला. लाइट आले, रिकामी खुर्ची निघाली. त्यात घाबरण्यासारखं काय?"

"ते कळलं," बायको म्हणाली. "पण रूळ दाराच्या पुढेही हातभर आहे. मग दारातच थांबली कशी?"

"थांबणारच. भार आला की ती..."

फिटरचा हात हवेतच राहिला. आई मान खाली घालून जेवत होती. त्याने जिन्याच्या वरच्या टोकाकडे पाहिलं, कपॅसिटर हळूच पिशवीत परत ठेवला आणि आईच्या शेजारी, अगदी तिला चिकटून बसला.

"मलाही वाढ," तो म्हणाला. "आणि जिन्याचा दिवा लावून ठेव."