राजाच्या नाकावरचा आयकॉन

एका जंगलात एक लॅपटॉप राहत होता. राहत होता म्हणायचं, कारण त्याला कुठे हलता येत नव्हतं. चार्जरची वायर काढली की तो डोळे मिटायचा. झाकण मागे पडू नये म्हणून त्याच्या पाठीशी एक दगड लावलेला होता. आणि पंखा असा घरघरायचा, की नवख्याला वाटावं, आत कुणी म्हातारा रेडा झोपलाय.

पण बाळांनो, कामाला तो चोख होता.

त्या जंगलात पाणवठा एकच आणि पिणारे पुष्कळ. म्हणून व्याघ्रराजांच्या पणजोबांनी कायदा करून ठेवला होता. प्रत्येक कळपाची पाण्याची वेळ ठरलेली. दुसऱ्याच्या वेळेला वाघानेसुद्धा तिकडे फिरकायचं नाही. वेळा रोज एक घर पुढे सरकायच्या, म्हणजे भर उन्हाची पाळी कायम एकाच्याच माथी नको. ही सगळी यादी लॅपटॉपमध्ये होती. यादीत असेल तोच कायदा, असं पणजोबांनी बजावून ठेवलं होतं. पणजोबांच्या काळी लॅपटॉप होता का, असं मध्येच विचारू नका. गोष्टीत असतो.

यादी सांभाळायची सगुणाबाई सायाळ. अकरा उन्हाळे ती त्याच खुर्चीत बसत होती. काट्यांनी खुर्चीच्या पाठीची चाळणी झाली होती. रोज सकाळी प्राणी तिच्या खिडकीशी यायचे आणि आपली वेळ विचारून जायचे. सगळ्यांत आधी यायची सोनकी हरिणी. तिचा मागचा एक पाय अधू होता. वेळ चुकली तर बाकीच्या हरणांना निदान पळता यायचं. सोनकीला तेही नव्हतं.

"मावशी, आज कितीला?"

"अकराला ये. महाराजांची वेळ चारची आहे. निवांत पी."

एवढ्या तीन वाक्यांवर सोनकी जगत होती.

एकदा व्याघ्रराज शेजारच्या जंगलात बारशाला गेले. परत आले ते फुरंगटूनच.

"त्या अस्वलाच्या लॅपटॉपवर आयकॉन मधोमध असतात," ते म्हणाले. "खालची पट्टी काचेसारखी आरपार. त्याने विचारलं, तुमचा कसा आहे? आम्हाला पेढ्यांचा विषय काढावा लागला."

दरबारात एक कोल्हा होता. त्याला काहीच येत नसल्यामुळे तो सल्लागार होता.

"महाराज, यंत्र जुनं असू दे," कोल्हा म्हणाला. "आपण बाहेरचं रूप बदलू. आतलं कोण बघतंय?"

"मी बघते," सगुणाबाई म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोल्ह्याने रूपपालटाचं एक पॅकेज आणलं. कुठून आणलं? कावळ्याकडून. कावळ्याने कुठून आणलं? ते कावळ्यालाही सांगता येईना. उघडल्या उघडल्या ते पॅकेज म्हणालं, तुमचं सगळं वाचायची परवानगी द्या.

सगुणाबाईने ते तिथेच बंद केलं. "ह्या म्हाताऱ्याला असलं काही झेपायचं नाही. मी करते. तीन दिवस द्या."

"रंग बदलायला तीन दिवस?" कोल्हा हसला.

"रंगाला अर्धा तास. बाकीचा वेळ, काही बिघडलं तर मागे फिरता यावं म्हणून."

पहिल्या दिवशी तिने यादीची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. ती उघडते की नाही हे दोनदा बघितलं आणि पेनड्राइव्ह पाठीवरच्या काट्यांत खोल खोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉपला बजावलं, बाबा, आज तू जसा आहेस तसा लक्षात ठेव, उद्या भरकटलास तर इथवर परत यायचंय. त्याची तशी सोय त्याच्या पोटातच होती. तिसऱ्या दिवशी तिने बाहेरचं काही न आणता, त्याच्याच सेटिंगमधून रंग बदलले. आयकॉन मधोमध घेतले. आरपार पट्टीने म्हाताऱ्याला धाप लागली असती, म्हणून पट्टीला मागच्या चित्राशी मिळता साधा केशरी रंग दिला, म्हणजे ती काचेसारखी वाटावी. आणि मागे लावला व्याघ्रराजांचा फोटो.

अनावरणाला सगळं जंगल लोटलं. हार आले, नारळ आला. लॅपटॉप उघडला आणि एकच टाळी पडली.

"वा! किती फास्ट झालाय!" एक तरणंबांड हरीण ओरडलं.

तो केसभरही फास्ट झाला नव्हता. पंखा तस्साच घरघरत होता. पण सगुणाबाईला फार बरं वाटलं. अकरा उन्हाळ्यांत तिच्या कामाला कुणी वा म्हटलं नव्हतं.

व्याघ्रराज पुढे झाले. बघत राहिले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या.

"आमच्या नाकावर हे काय आहे?"

ती पाण्याची यादी होती.

सगुणाबाईने लगबगीने ती कपाळावर सरकवली.

"आम्ही कुंकू लावतो का?"

तिने ती कानाशी नेली.

"आमच्या कानाला कोण लागलंय?"

पडदाभर राजाच होता, बाळांनो. कुठेही ठेवा, यादी राजाच्या अंगावरच यायची. आयकॉन नुसते लपवताही येतात, असं सगुणाबाई सांगत होती. पण कोल्हा मोठ्याने बोलत होता.

"जिथे महाराज आहेत, तिथे दुसऱ्या कशाला जागा कशी असेल?" असं म्हणून त्याने एक बटण दाबलं. यादी कचऱ्याच्या टोपलीत गेली.

"आणि आमच्या राज्यात कचऱ्याची टोपली?" राजे म्हणाले.

कोल्ह्याने टोपलीही रिकामी केली. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या.

यादी गेली, तसा कायदाही गेला. दुसऱ्या दिवशी ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा पाण्यावर निघाला. सगळ्यांत पुढे ते तरणंबांड हरीण होतं. पाणवठ्यावर व्याघ्रराज आधीच बसले होते. हरीण खरोखर फास्ट होतं. राजे जरा जास्त होते.

सोनकी लंगडत मागून येत होती, म्हणून वाचली. ती तशीच तहानलेली खिडकीशी आली.

"मावशी, आज कितीला?"

सगुणाबाईने पडद्याकडे बघितलं, तिथे नुसते राजेच होते. तिला कोल्ह्याचा राग आला, राजाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. कशाला एवढं देखणं करून ठेवलं? ती उठली आणि तडक राजाकडे गेली. राजे पंजा चाटत होते.

"महाराज, यादीची नक्कल आहे माझ्याकडे. दोन मिनिटांत परत घालते."

"कशाला?" राजे म्हणाले. "आधी आम्हाला आमच्या वेळेची वाट बघावी लागायची. आता नाश्ता पाण्यावरच मिळतो. लॅपटॉप इतका चांगला कधी चाललाच नव्हता."

"आणि सरकारी यादीची नक्कल तुमच्याकडे कशी?" कोल्हा गुरगुरला. "जमा करा."

"घ्या की," म्हणून सगुणाबाईने पाठ फिरवली आणि काटे फुलवले. "आत असेल बघा कुठेतरी."

कोल्ह्याने पंजा पुढे केला. मग मागे घेतला.

"राहू द्या तुमच्याकडेच," तो म्हणाला. "जागा सुरक्षित दिसतेय."

"बाई, तुम्ही आता एवढंच करा," राजे म्हणाले. "पडदा पुसून ठेवा. आम्ही रोज बघायला येणार आहोत."

आणि खरंच आले. दुसऱ्या दिवशी दुपारी राजे लॅपटॉपसमोर बसले, स्वतःला डोळे भरून बघितलं आणि पाण्यावर जायला उठले. खिडकीबाहेर झुडपाआड सोनकी उभी होती. दोन दिवस तिच्या घशाखाली थेंब गेला नव्हता. सगुणाबाईला ती दिसत होती.

सगुणाबाईने फडकं खाली ठेवलं.

"महाराज, लहान तोंडी मोठा घास. पट्टी केशरी आहे खरी, पण आपल्या अंगावरचा केशरी याहून जरा..."

"जरा काय?" राजे खाली बसले.

सेटिंगमध्ये अठ्ठेचाळीस रंग होते. सगुणाबाई एकेक लावू लागली. दर रंगाला लॅपटॉप घरघरायचा, थांबायचा, विचार करायचा. त्याच्या म्हातारपणाचा इतका उपयोग जन्मात कुणाला झाला नसेल. राजे प्रत्येक रंगाशेजारी आपली शेपूट धरून बघत होते. सतराव्या रंगाला सगुणाबाईने खिडकीत जाऊन फडकं झटकलं आणि मानेनेच पाणवठ्याकडे खूण केली.

सोनकी गेली. पोटभर प्यायली. सावकाश लंगडत परत आली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. राजे बसले की खिडकीत फडकं झटकलं जायचं, आणि फडकं दिसलं की हरणं पाण्यावर जायची. रंग संपले तेव्हा अक्षरांची वळणं निघाली. ती संपली तेव्हा पडद्यावर फिरणाऱ्या बाणाच्या जागी पंजा आला. तो पंजा राजाच्या तोंडावरून फिरवावा की बाजूने, यावर एक आख्खा आठवडा गेला. पंजा शेवटी बाजूने फिरला.

राजे खुर्चीत वाळत चालले. नाश्त्याला वेळच उरला नव्हता. एक दिवस ते म्हणाले, "आम्ही हल्ली खंगलेले दिसतो का?"

कोल्ह्याने तत्परतेने फोटो आडवा ताणला. पडद्यावरचे राजे गरगरीत झाले.

"हां," राजे खुर्चीला धरून म्हणाले. "आता कसं भरल्यासारखं वाटतंय."

पेनड्राइव्ह अजून काट्यांतच आहे. सगुणाबाई तो दर दोन दिवसांनी काढते, यादी उघडते की नाही बघते आणि परत खोचते. परवा सोनकीने विचारलं, "मावशी, यादी परत कधी घालणार?"

"महाराजांचं मन भरलं की."

"कधी भरेल?"

सगुणाबाईने फडकं पिळलं. "काय माहीत बाई. अजून स्क्रीनसेव्हर बाकी आहे."

तात्पर्य : रूप बदलण्याआधी नक्कल काढून ठेवावी, आणि ती हात घालायची कुणाची छाती होणार नाही अशा जागी ठेवावी. दिसण्याला भुलू नये असं तुम्हाला शाळेत शिकवतात, ते तुमच्यापुरतं खरं आहे. राजाला मात्र खुशाल भुलू द्यावं. तो स्वतःकडे बघत बसतो, तेवढ्या वेळात बाकीचे पाणी पिऊन घेतात.