आईच्या विश्रांतीचा सराव

सकाळी सहा वाजता घरातली चार माणसं एका बोटभर नळीकडे बघत उभी होती, आणि नळी कोरडी होती.

"अगं, थुंक की!" वडील म्हणाले.

"येतच नाहीये, बाबा."

मुलगी सतरा वर्षांची, बॉक्सर, अठ्ठेचाळीस किलोच्या गटातली. दुपारी वजन करायचं होतं आणि चारशे ग्रॅम जास्त भरत होते. म्हणून दोन दिवस पाणी तोडून, च्युइंगम चघळून ती बाटलीत थुंकत बसली होती. वजन उतरवायची बॉक्सरांची ही जुनी युक्ती. आता तोंडात जीभ तेवढी उरली होती. नेमकं याच आठवड्यात क्लबने नवं शास्त्र आणलं होतं. उठल्याउठल्या, काही खाण्यापिण्याआधी लाळ द्यायची. प्रयोगशाळा त्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजणार. नळी दिली नाही तर संघातून नाव बाद. नळ्या गोळा करणारा माणूस सातला दारात येणार होता.

"लाळ ती लाळ. घरातल्या कुणाचीही चालेल," वडिलांनी निकाल दिला. त्यांचा चहा झाला होता. आजीची कवळी अजून वाटीत होती. आई साडेचारला उठून दोन डबे, धुणं आणि नाश्ता उरकून बसली होती, म्हणजे बसली नव्हतीच. पण चहा प्यायला तिला वेळ मिळाला नव्हता, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने तीच लायक ठरली. तिने उभ्याउभ्या नळी भरून दिली आणि ती कामावर गेली. एका कंपनीच्या तक्रार विभागात दिवसभर फोनवर शिव्या खायची तिची नोकरी होती.

चौथ्या दिवशी प्रशिक्षकांचा फोन आला.

"ताई, पोरीचं काय करताय काय तुम्ही घरात? हा आकडा लागोपाठ चार लढती खेळलेल्या माणसाचा आहे! आतून पार पिळून निघालीय ती. सराव बंद. दर सोमवारी नळी द्यायची. तीन आठवड्यांत आकडा उतरला नाही, तर स्पर्धेला राखीव मुलगी जाईल."

पिळून निघालेली पोर त्या वेळी आतल्या खोलीत उशीला ठोसे मारत होती.

"खरं सांगून टाकू या," आई म्हणाली.

वडिलांनी क्लबचा कागद तिच्यापुढे धरला. "वाच. दुसऱ्याची लाळ दिली तर एक वर्ष बंदी. आणि आकडा एकदम कोसळला तर चौकशी. म्हणजे पुढच्या नळ्यासुद्धा तुझ्याच. तुझा ताण हळूहळू उतरला पाहिजे. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे!"

बावीस वर्षांच्या संसारात आईच्या ताणाचा विषय घरात पहिल्यांदाच निघाला, तोही मुलीच्या नावावर.

वडिलांनी विश्रांतीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. संध्याकाळी सहा ते सात, आई आडवी. सगळ्यांनी कंबर कसली. आई आडवी झाली.

"अगं, मीठ कुठंय?"

"डब्यावर लिहिलंय."

"डबा कुठंय?"

मग कुकरने शिट्टी द्यायचं नाकारलं, कारण त्यात पाणी घातलंच नव्हतं. वडिलांनी मुलीचे पांढरे मोजे लाल टॉवेलबरोबर धुतले. आजी दर दहा मिनिटांनी दारातून डोकावून विचारी, "सूनबाई, लागला का डोळा?" सातला आई उठली आणि तासभराच्या विश्रांतीने झालेला पसारा साडेनऊपर्यंत आवरत राहिली.

दुसऱ्या सोमवारचा आकडा आणखी चढला.

"कमाल आहे तुझी!" वडील भडकले. "आम्ही एवढे राबतोय, आणि तुला साधं पडून राहता येत नाही? आईच ना तू तिची?"

आईला रडूच आलं. पण तेही ताणात मोजलं जाईल म्हणून तिने आवरलं.

तिसऱ्या सोमवारी ती मुलीला घेऊन मोरीत गेली. सराव बंद म्हणून मुलगी पोटभर खात-पीत होती. तोंडाला पाणी सुटायची अडचण राहिली नव्हती.

"थुंक. इथपर्यंत," आईने नळीवर नख ठेवलं. "वरचं माझं. गवळी दुधात पाणी घालतो तसं घालायचं, बेताबेतानं."

मुलीने नळी भरली. मग हळूच म्हणाली, "आई, पण तुझा आकडा खरंच एवढा आहे?"

"तू ठोसे मार. ते तुझं काम."

बेत बरोबर जमला. आकडा चौकशी होणार नाही इतपतच उतरला आणि 'सामान्य' या रकान्यात जाऊन बसला. मुलगी संघात परतली. आजीने सगळ्यांची दृष्ट काढली. प्रशिक्षकांनी फोनवर वडिलांचं अभिनंदन केलं. खेळाडूला असं घर मिळायला भाग्य लागतं म्हणाले.

वडिलांनी रिपोर्ट दोनदा वाचला. छाती फुगवून त्यांनी वेळापत्रक फ्रिजवरून काढलं आणि त्या जागी रिपोर्ट लावला.

"बघ, आमच्या सेवेला फळ आलं. आता तुला काही एक झालेलं नाही. शास्त्राने सिद्ध केलंय!" ते म्हणाले. "उद्यापासून माझ्या आईला मालिशला तूच ने. आणि माझ्या बहिणीकडचे पाचजण रविवारी येतायत. जमेल ना?"

मुलगी पटकन काही बोलायला गेली. आईने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"जमेल," आई म्हणाली.