लाटणं की जोखड?

"पोट फुगवण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या ओहायोत सापडायचा नाही!" नॉर्बर्ट झील्के हे छाती फुगवून सांगायचा. त्या वेळी पोटही फुगलेलंच असायचं, सवयीने!

यात अभिमान बाळगण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. रोलर कोस्टरमध्ये बसलात की मांडीवर एक जाड दांडा येतो. तो नीट बसलाय की नाही हे तपासायला एक मुलगी येते आणि दाबून बघते. नेमकं त्या वेळी पोट फुगवायचं आणि ती पुढे गेली की हळूच सोडायचं. मग दांडा आणि माणूस यांच्यात चार बोटं जागा उरते, आणि उताराला गाडी खाली गेली तरी माणूस क्षणभर वरच राहतो. या सुखाला नॉर्बर्टच्या कोस्टर मंडळात 'अधांतर' म्हणत. अधांतरापायी त्याने बत्तीस वर्षांत चारशे अकरा कोस्टर पालथे घातले होते. त्याची बायको लॉरेटा चौथ्या कोस्टरनंतर घरीच थांबायला लागली होती.

अशा माणसाच्या घरापासून वीस मिनिटांवर, तळ्याकाठच्या टॅमरॅक पॉइंट पार्कात, नवा कोस्टर उभा राहत होता! नॉर्बर्टच्या हयातीत इथे दुसरा होणार नाही हे उघड होतं. रूळ ठरले होते, गाडी ठरायची होती. पार्कच्या मालकीण हॅवरकॅम्पबाई कोस्टरमध्ये बसल्या की त्यांना मळमळायचं. म्हणून त्यांनी मंडळालाच बोलावणं धाडलं. 'कारखान्याने दोन नमुन्याच्या सीट पाठवल्यात. शुक्रवारी दुपारी येऊन बघा. माणसाला मांडीवरून धरायचं की खांद्यावरून, ते सांगा. सोमवारी ऑर्डर जाईल.'

झालं! मंडळात उभी फूट पडली. नॉर्बर्ट मांडीवरच्या दांड्याचा कट्टर भक्त, तर त्याचा शाळेपासूनचा मित्र एल्डन फ्रिट्झ खांद्यावरून खाली येणाऱ्या जाडजूड पट्ट्यांचा. नॉर्बर्टने त्या पट्ट्यांना 'जोखड' असं नाव ठेवलं. एल्डनने लगेच दांड्याला 'लाटणं' म्हणून परतफेड केली. आठवडाभर फोनवर दुसरा विषय नव्हता.

"बैल आहे का मी, जोखड घालून घ्यायला?"

"आणि मी पोळी आहे का, लाटून घ्यायला?"

शुक्रवारी निघताना लॉरेटाने नॉर्बर्टला बजावलं, "पाचला चर्चच्या हॉलवर ये. ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार चालू आहेत, मटण बंद म्हणून दोनशे माणसं मासे खायला यायचीत. टेबलं कोण मांडणार?"

"अगं, पाच कसले, चारलाच हजर होतो! असं भाषण ठोकतो की दहा मिनिटांत निकाल!"

पार्कच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये दोन सीट शेजारीशेजारी मांडल्या होत्या. मंडळाचे नऊजण भोवती जमले. ट्वायला नावाची मंडळाची चिटणीस टेप घेऊन सीटच्या कडा मोजू लागली.

"बाई, भाषण नको, प्रत्यक्षच दाखवतो," म्हणत नॉर्बर्ट दांड्याच्या सीटवर बसला. पोट फुगवलं, दांडा ओढला. टक्! एल्डन कसला मागे राहतोय! तो दुसऱ्या सीटवर बसला आणि जोखड खाली घेतलं. टक्!

"छान," हॅवरकॅम्पबाई म्हणाल्या. "आता हे उघडायचं कसं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"ओटिसला ठाऊक असेल," बाई म्हणाल्या. ओटिस म्हणजे पार्कचा मेकॅनिक. तो सुट्या भागांसाठी टोलीडोला गेला होता. बाईंनी फोन लावला, तर शेडमधल्या खिळ्यावर टांगलेलं ओटिसचं जाकीट वाजायला लागलं.

"मी उचलून बघू का?" बाई पुढे झाल्या.

"हात लावू नका!" नऊजण एका सुरात ओरडले.

नॉर्बर्टने समजावलं, "बाई, ही कुलपं दात्यांची असतात. एकेक दाता खाली जातो, वर येत नाही. हवेचा दाब दिल्याशिवाय उघडणं शक्यच नाही. बत्तीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

"खरंय त्याचं," एल्डन म्हणाला. त्या आठवड्यात त्या दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

"अरे देवा! म्हणजे तुम्ही अडकलात? त्रास होतोय का?"

आता बघा, गंमत इथेच आहे. त्रास होतोय म्हटलं की वाद हरला! सोमवारी ऑर्डर दुसऱ्याची जाणार!

"त्रास? छे! एकदम आरामात!" नॉर्बर्ट म्हणाला.

"मी तर घरी खुर्चीतसुद्धा इतका आरामात बसत नाही," एल्डन म्हणाला.

पाऊण तास गेला. नॉर्बर्टची पंचाईत वेगळीच होती. पोट फुगवून तो बसला होता खरा, पण आता सोडायचं कसं? पोट आत गेलं की दांडा आणखी एक दाता खाली येणार! आणि सकाळपासून झालेली तीन कप कॉफी दांड्याच्या बरोबर खाली जमा झाली होती. तो वरवर श्वास घेत, गाल फुगवून हसत बसला.

"नॉर्बर्ट, तुझा चेहरा लाल झालाय," एल्डन म्हणाला. मान वळत नसल्यामुळे तो हे समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होता.

"आनंदाने! तुझे कान का दुमडलेत?"

"मला आवडतात तसे."

"दोघांनाही पाणी हवंय का?" ट्वायलाने विचारलं.

"पाणी नको!" नॉर्बर्ट किंचाळलाच.

मंडळाने वेळ फुकट घालवला नाही. गाडीला दोन-दोनच्या रांगा बऱ्या की चारच्या, बाजूच्या कडा बुटक्या असाव्यात की उंच, यावर रीतसर चर्चा झाली. दोन्ही नेते आपापल्या जागेवरून भाग घेत होते. उठून निषेध करायची सोय मात्र नव्हती. साडेचार झाले, पाच झाले. हॅवरकॅम्पबाईंनी अग्निशमन दलाला बोलवायचं म्हटलं, तर नॉर्बर्ट म्हणाला, "बोलवा ना, पण आधी एल्डनला सोडवा. माझी काही घाई नाही."

"माझी तर मुळीच नाही! आधी त्याला सोडवा. घामाघूम झालाय बिचारा."

मनातल्या मनात नॉर्बर्ट रडकुंडीला आला होता. पण घराजवळचं अधांतर डोळ्यांसमोर होतं. म्हातारपणी रोज वीस मिनिटांत जाऊन वाट्टेल तेवढं उडायचं! त्यासाठी एक दुपार सोसायला तो तयार होता.

सव्वापाचला शेडचं दार धाडकन उघडलं. लॉरेटा! अंगात एप्रन, हाताला पीठ, अंगाला तळलेल्या माशांचा वास.

"नॉर्बर्ट! दोनशे माणसं भिंतीला टेकून मासे खातायत आणि तू इथे बसलायस?"

"अगं, ऐक तर! मी अडकलोय! म्हणजे, आरामात अडकलोय. हवेच्या दाबाशिवाय..."

"ऊठ बघू," असं म्हणून लॉरेटाने एका हाताने दांडा वर उचलला.

दांडा वर गेला. काही आवाजसुद्धा झाला नाही. तिने दुसऱ्या हाताने एल्डनचं जोखडही वर ढकललं, तेही मुकाट्याने गेलं. ट्वायला वाकली आणि सीटखालची चिठ्ठी तिने मोठ्याने वाचली, "फक्त मापासाठी. कुलूप बसवलेलं नाही."

बत्तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस दोन तास एका बिजागरीखाली पोट फुगवून बसला होता! नॉर्बर्ट काहीतरी बोलणार होता, पण त्याला आधी बाहेर धावावं लागलं. आयुष्यात तो इतक्या वेगाने कधी धावला नव्हता.

परत आला तेव्हा हॅवरकॅम्पबाई सांगत होत्या, "तुमच्यापैकी कोणावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. दोघंही खोटं बोलता! लॉरेटा, तुम्हीच बसून बघा."

लॉरेटा आधी जोखडात बसली. "यात शेजारचा माणूस दिसतच नाही." मग दांड्याखाली बसली. "हे बरंय. हा काय करतोय यावर नजर राहील."

नॉर्बर्टचं काळीज सुपाएवढं झालं. निकाल लागला, लाटणं जिंकलं! त्याने सगळ्यांच्या देखत बायकोला मिठी मारली, पिठासकट. "उद्घाटनाला माझ्या शेजारी तूच बसायचंस!"

"आता निवडलंय मी, तर बसावंच लागेल," ती म्हणाली, आणि मनापासून हसली.

जूनमध्ये कोस्टर सुरू झाला. नॉर्बर्ट आणि लॉरेटा पहिल्या रांगेत बसले, मागे एल्डन आणि ट्वायला. तपासणारी मुलगी आली. नॉर्बर्टने जन्माची कला पणाला लावून पोट फुगवलं. मुलीने दांडा दाबला, मान डोलावली, पुढे गेली. नॉर्बर्टने हळूच पोट सोडलं. चार कसली, चांगली पाच बोटं जागा! सुखाने त्याचे डोळे मिटले.

"अरे देवा!" लॉरेटा शेजारून ओरडली. "तुझं तर सैलच राहिलंय! त्या पोरीचं लक्ष कुठे होतं?"

आणि चर्चच्या हॉलमधली लोखंडी टेबलं उचलून तयार झालेल्या दोन्ही हातांनी तिने त्याचा दांडा दाबला. टक्! टक्! टक्!

या वेळी कुलूप खरं होतं.

गाडी चढावर चढली आणि सुटली. लॉरेटा सीटवरून उडाली आणि किंचाळली. मागे ट्वायला उडाली. जोखडवाला एल्डनसुद्धा लहान मुलासारखा हसत उडाला. गाडी परत फलाटाला लागली, तेव्हा लॉरेटाचे केस उभे होते आणि ती "पुन्हा! पुन्हा!" म्हणत टाळ्या पिटत होती.

"काय अधांतर आहे रे!" एल्डन पुढे वाकून म्हणाला. "हरलो मी, कबूल! तुला कसं वाटलं?"

सगळ्या प्रवासात तसूभरही न हललेल्या नॉर्बर्टने बायकोच्या लाल झालेल्या गालांकडे पाहिलं, जेवढा घेता येत होता तेवढा श्वास घेतला आणि म्हणाला, "एकदम आरामात!"