बापूजींचा घड्याळी दर

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. म्हणजे मी त्या दिवशी सिंदेवाहीला होतो. पण माझे डोळे भद्रावतीतच असतात, हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे.

बापूजी कोळसा खाणीच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडता मांडता निवृत्त झाले. जगातली कुठलीही अडचण घड्याळाकडे पाहून सुटते, ही त्यांची श्रद्धा. (बायकोचा, म्हणजे गोकुळाबाईंचा, रागही एकदा त्यांनी असाच सोडवायला घेतला होता. घड्याळ दुरुस्तीला गेलं.) त्यामुळे विजेचं नवीन मीटर बसलं आणि दोन दरांतून एक निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. एक दर बांधलेला, चोवीस तास सारखा. दुसरा घड्याळी: दिवसा स्वस्त, संध्याकाळ झाली की अंगावर येणारा.

"अजी, बांधलेलाच घ्या," गोकुळाबाई म्हणाल्या. "धोंड्याचा महिना आला, जवाई येऊन राह्यले. मागच्या उन्हाळ्यात खोली तापली म्हणून मधातच उठून गेले. यंदा गेले तं लेकीले सासरी टोमणे खा लागन."

"तिकडं लढाई सुरू आहे, तेलाचं जहाज अडकून पडलं. उद्याचं कोणाले माहीत?" बापूजींनी पेपर झटकला. (आमची वीज दारासमोरून जाणाऱ्या ट्रकांतल्या कोळशाची होते, हे त्या जहाजाला कोणी कळवलं नसावं.) "अशा टायमाले माणसानं घड्याळी राहावं."

"मंग जवाई दिवसा झोपन अन् रात्री जागन का?"

"जागू दे नं. खाणीत लोकं नाईट शिफ्ट करतच होते."

एकट्यानं शहाणं होण्यात मजा नसते. बापूजींनी घरोघरी चहा पिऊन अख्खी गल्ली घड्याळी केली. शेजारच्या मीराबाईंनी तेवढं विचारलं, "भाऊ, सगळ्यायनच दिवसा लावलं तं?"

"तं सगळ्यायचंच वाचन, बाई."

लेक भाग्यश्री आणि जावई भूपेश कोरपन्याहून आले. धोंड्याचं जेवण बापूजींनी भर दुपारी ठेवलं, स्वस्ताईच्या ऐन मुहूर्तावर. पाटावर जावई, ताटात अनारसे, शेजारी चांदीचा दिवा आणि पाठीशी घोंघावणारा कूलर. त्याच मुहूर्तावर गल्लीतल्या प्रत्येक घरात कूलर, मोटार, मिक्सर आणि इस्त्री सुरू होती. कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीनं थोडा वेळ सहन केलं. मग असा आवाज केला, की गावाबाहेरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या लोकांनी आपलं काही कमी झालं का, ते मोजून पाहिलं.

कूलर थांबला. जावयाच्या कपाळावरचं गंध नाकावरून अनारशावर उतरलं. गोकुळाबाई जहाजाच्या बातमीचा पेपर घेऊन वारा घालू लागल्या. भूपेशनं कोपऱ्यातली बॅग ओढून दाराशी ठेवली.

"मामाजी, कोरपन्याची संध्याकाळची बस भेटन नं?"

भाग्यश्रीनं बापाकडे पाहिलं. बापूजींनी घड्याळाकडे पाहिलं.

लाइनमन आला, चढला, उतरला. लाइट आली ती नेमकी महाग दर चढायच्या ठोक्याला. सवयीनं बापूजींचा हात कूलरच्या बटणाकडे गेला, पण गोकुळाबाईंचा हात आधीच तिथं होता.

"बंद करून पाहा," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी घरातले दोन्ही कूलर लावले. पंखे लावले. जावयाला अंधार वाटू नये म्हणून देवघरापासून न्हाणीपर्यंत सगळे दिवे लावले. ओल्या वाळ्याचा वारा अंगावर आला, तसा भूपेशचा चेहरा खुलला. त्यानं बॅग उचलली आणि खाटेखाली सरकवली.

"मामाजी, तुमच्या इथी संध्याकाळी लय मस्त वाटते. दिवसा फिरून येत जाऊ, रात्री कूलरमंधी बसू. धोंडा सरतवरी राह्यतो आमी."

"राहा नं, तुमचंच घर आहे," बापूजी प्रसन्नपणे म्हणाले.

आता यातलं खोटं तेवढं सांगून टाकतो. डीपीचा आवाज खरा, दिवे खरे, जावई तर अजून आहे. 'प्रसन्नपणे' हा शब्द मात्र माझा. आणि 'राहा नं' हेही गोकुळाबाईच म्हणाल्या. बापूजी तेव्हा बाहेर ओट्यावर मीटरसमोर स्टूल टाकून त्यातल्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याची हजेरी मांडत बसले होते.