सफरचंदावरचा स्टिकर

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. हसू नका, तिथेही गृहपाठ असायचा.

शाळेत साळिंदरबाई शिकवत. एकदा 'जागतिकीकरण' हा धडा आला. व्याख्या चार ओळींची. पोरांनी ती धडाधडा पाठ केली, पण कळली कुणालाच नाही. बाईंनाही नाही, पण ते तुमच्या-माझ्यात ठेवा.

बाई म्हणाल्या, "पुस्तकं मिटा. डबे उघडा."

माकडाच्या पोराकडे दोन सफरचंदं निघाली. दोन्हींवर परदेशी स्टिकर. खारीच्या पोरीकडे सातासमुद्रापलीकडचे बदाम.

"अगं, तुम्ही तर चारोळ्या खायचात ना?" बाईंनी विचारलं.

"चारोळीची झाडं तोडली, बाई. तिथे आता बदामांचं गोदाम आहे."

पोरांनी बदामांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. धडा कळला होता.

सशाची भुरी मात्र डबा लपवत होती. तिच्याकडे शाळेमागच्या जाळीतली करवंदं होती.

"हिच्या करवंदांना स्टिकरच नाही," पोरं खिदळली.

तेवढ्यात तपासणीला कोल्हेसाहेब आले.

"पुस्तकं मिटलेली? ही कुठली पद्धत?"

"माझीच आहे, साहेब."

"तुमचीच? मग मान्य नाही. उद्यापासून हा वर्ग बंद."

बाईंचे उभे काटे मलूल होऊन आडवे झाले. भुरीला फार वाईट वाटलं. दुसरी शाळा डोंगरापलीकडे होती, आणि तिथे अशा बाई नव्हत्या. तिने एका सफरचंदाचा स्टिकर सोलला, सगळ्यात टपोऱ्या करवंदावर चिकटवला आणि साहेबांपुढे धरला.

साहेबांनी स्टिकर वाचला. मग करवंद खाल्लं. डोळे मिटले.

"वा! आपल्या मातीत ही चव येणं नाही."

बाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या सफरचंदाचा स्टिकर काढून त्यांनी गुपचूप आपल्या टिपणवहीवर लावला आणि वही पुढे केली.

"अहो बाई, बाहेरची पद्धत आहे हे आधी नाही का सांगायचं?" साहेबांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

वर्ग वाचला. शिवाय आठवड्याभरात सगळ्या शाळांना परिपत्रक गेलं : जागतिकीकरण डबे उघडून शिकवावे. सोबत डबा उघडण्याची व्याख्या. सहा ओळींची.

आता बाईंच्या वर्गातली पोरं ती पाठ करतात. डबा उघडायला वेळच उरत नाही.

तात्पर्य : शिकवावं आपल्याच डोक्याने, फक्त डोकं बाहेरून मागवलंय असं सांगावं.