चिंच झोपवणारी जैतूनखाला

जैतूनखालाच्या अंगणातली चिंच रोज संध्याकाळी झोपवावी लागायची. ती आपली आपण झोपते, असं पाळणाघरातल्या एकाही लेकराला वाटत नसे. दिवस कलला की शेवटी उरलेल्या पोरानं बुंध्यावर थोपटत "झोप गं बाई" म्हणायचं. मग हळूहळू पानं मिटायची. वरची फांदीही मिटली की खाला तोंडावर बोट ठेवून म्हणायची, "चला, लागला डोळा." आणि दोघं चवड्यांवर चालत फाटकापर्यंत यायची.

अंधारू लागलं की चिंचेची पानं मिटतातच, हे मी माझ्या मुलीला, ओवीला, एकदा नीट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

झाडाला झोपवायचा हा मान शेवटच्या मुलाचा, म्हणून शेवटी राहण्यासाठी पोरांत मारामाऱ्या. इतर पाळणाघरांत मुलं आईबापांची वाट बघत फाटकाला लटकतात. इथं आईबाप दिसले की ती न्हाणीघरात लपायची. मी पडलो वक्तशीर माणूस. क्रांती चौकातल्या विमा कचेरीतून साहेबाची नजर चुकवून निघायचो आणि दौलताबाद रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत सगळ्या पालकांच्या आधी हजर व्हायचो. मला बघून माझी मुलगी भोकाड पसरायची. "बाबा का आला?" हा प्रश्न ती सबंध गल्लीला ऐकू जाईल असा विचारायची. शेजारणी खिडकीत यायच्या. आणि खाला समजूत घालायची ती माझी.

"ओवीचे पप्पा, एवढी कशाची गडबड हो? हापिसात काम नाय का तुम्हाला?"

जैतूनखाला मूळची पिशोरची. तिचा नवरा रोपवाटिकेत माळी होता. मूलबाळ झालं नाही. नवरा अचानक गेला, आणि मागं राहिली ती त्यानं डब्यांत, टोपल्यांत लावलेली झाडं. त्या झाडांच्या मधोमध खालानं पाळणाघर काढलं. झाडं आणि पोरं ती एकाच अंगणात वाढवायची आणि उन्हाळ्यात दोघांना एकाच पाइपानं अंघोळ घालायची. आमच्या कॉलनीत हिंदू-मुसलमान सगळेच राहतात, पण हिंदूंची पोरंसुद्धा घरी येऊन आपल्या सख्ख्या मावशीला खाला म्हणू लागली होती.

झाडापाखरांवर तिचा जीव फार, ज्ञान मात्र बेताचं. लहान पाखरू दिसलं की ती चिमणी. त्याहून मोठं दिसलं की तो चिमणीचा मामा. एकदा तारेवर निळाजांभळा खंड्या येऊन बसला. पोरांनी विचारलं, "खाला, हा कोण?" खाला जरा विचारात पडली आणि म्हणाली, "ह्यो बी मामाच. लग्नाला निघालाय." मी तातडीनं मोबाइलवर पक्ष्यांचं अ‍ॅप घेतलं आणि पोरांना खरी नावं सांगू लागलो. पोरं शांतपणे ऐकून घ्यायची आणि पुन्हा विचारायची, "पण मामा कुणाचा?"

भिंतीवरच्या पालीला ती हात लावू द्यायची नाही. "ड्युटीवर हाय ती," म्हणायची. आता पालीला मी भितो, हे घरात फक्त बायकोला माहीत होतं. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात पाल निघाली आणि मी खुर्चीवर चढलो, तेव्हा ओवीनं माझ्या पँटला धरून सांगितलं, "बाबा, खाली उतर. तिला काम करू दे."

मुलगी हातची गेली, असं माझं ठाम मत झालं. मग मीही कंबर कसली. गॅलरीत लाजाळूचं रोप आणून ठेवलं. म्हटलं, पानंच मिटवायची ना, घे, दिवसभर मिटव. ओवीनं एकदा बोट लावलं, पानं मिटली. ती म्हणाली, "ही झोपली नाही, घाबरली." त्यानंतर त्या रोपाकडे कुणी फिरकलं नाही. पाणी मीच घालतो.

अशात रमजान आला.

ओवीचा पाळणाघरातला तो पहिलाच रमजान. ऊन मी म्हणत होतं. खाला दिवसभर पाण्याचा थेंब न घेता पोरांमागं धावतेय, हे पाहून माझ्यातला विमावाला जागा झाला. दुसऱ्याच्या भल्याची आगाऊ काळजी करणं हा तर माझा धंदा. आमचा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट होता आणि त्याचा अ‍ॅडमिन मी होतो. मला कुणी नेमलं नव्हतं, गट मीच काढला होता. त्यावर मी लिहिलं, "सन्माननीय पालकहो, आदरणीय खालांचे रोजे सुरू झाले आहेत. तरी माणुसकीच्या नात्याने प्रत्येकाने आपले मूल पाचच्या आत न्यावे, म्हणजे त्यांना निवांतपणे रोजा सोडता येईल."

नमस्कारांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. आयुष्यात इतके नमस्कार मला कधी आले नव्हते. बायको एवढंच म्हणाली, "खालाला विचारलंस का?" मी म्हटलं, "चांगलं काम विचारून करायचं नसतं."

लोकांनी अर्ध्या रजा टाकल्या, आज्या-आजोबांना कामाला लावलं. जुन्या पालकांना वाटलं, खालानंच मला तसं सांगितलं असणार. आणि खालाला वाटलं, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मी तिला अभिमानानं म्हणालो, "आता तुम्हाला आराम." ती म्हणाली, "बरं केलं जी," आणि नुकतंच झाडलेलं अंगण पुन्हा झाडू लागली. मला वाटलं, उपकारानं संकोचली असेल.

चार-आठ दिवस गेले असतील. ओवी एक चप्पल खालाकडे विसरून आली आणि त्या चपलेशिवाय जेवायलाच बसेना. सूर्य मावळायच्या सुमाराला मी ती आणायला निघालो. फाटक उघडंच होतं.

चिंचेखाली दस्तरखान अंथरला होता. त्यावर पाळणाघरातल्या छोट्या स्टीलच्या ताटल्या, एकीला एक लागून, ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीत तरबुजाच्या इवल्या इवल्या फोडी, एकूण एक बी काढलेल्या. खजुराच्याही बिया काढून ठेवलेल्या. आणि त्या सगळ्या ताटल्यांसमोर खाला एकटी बसली होती.

"पाहुणे यायचेत का, खाला?"

"नाय जी." ती दचकून पदर सावरत उठायला लागली. "चप्पल का? ती बघा, मोगऱ्याच्या डब्यापाशी ठिवलीया."

"मग हे एवढं सगळं?"

खाला थोडी हसली. "हाताला सवय हाय. एकटीपुरतं चिरायला बसलं की सुरीच चालत नाय बघा. सकाळी पोरं येत्यात, त्यांना देते मग. पर सकाळपत्तुर तरबूज पाणी सोडतंय."

चप्पल हातात घेऊन मी उभाच राहिलो. ती माझ्याकडे न बघता, ताटल्या उगाच सारख्या करत बोलत होती.

"हे गेले त्या साली मी घरात एकटी बसले रोजा सोडायला. अजान झाली. खजूर हातात घेतला, पर तोंडात घालवंना. रोजा काय, ठिवता येतो एकट्यानं. सोडायला दुसरं मानूस लागतं जी. दुसऱ्या साली पाळणाघर काढलं. लोकं म्हणत्यात, जैतूनबी पोटासाठी करती. पोट काय, लई मोठं नाय माझं." मग घाईघाईनं म्हणाली, "तुम्ही मनावर नका घेऊ. तुम्ही भल्यासाठीच केलं."

मला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिला निवांतपणा मिळावा म्हणून मी अख्खी कॉलनी कामाला लावली होती. तिला त्या एका गोष्टीचीच धास्ती होती, आणि ती मी गटावर टाळ्या घेऊन तिच्या पदरात घातली होती.

मी बूट काढले आणि दस्तरखानाच्या कडेला बसलो. विचारलं, "पोरं असली की काय करता?"

"रमजानात सगळीच अजानीपत्तुर थांबत्यात. त्यात सगळ्यात लहान लेकरू असंल ना, ते पहिला खजूर माझ्या हातावर ठिवतं. मग मी खाते. मग सगळी तुटून पडत्यात."

पलीकडच्या मशिदीत भोंगा खरखरला. अजान सुरू झाली. खाला ताटल्यांकडे बघत राहिली, हात मांडीवरच. मी इकडं तिकडं पाहिलं. त्या अंगणात तिच्याहून लहान असा मी एकटाच होतो, पोट सुटलेला, केस पिकायला लागलेला.

मी खजूर उचलला आणि तिच्या हातावर ठेवला.

तिनं तो खाल्ला. मग समोरची ताटली माझ्याकडं सरकवली आणि नेहमी पोरांना म्हणायची तसं म्हणाली, "हळू खा. सांडू नको."